ठेक्याची सफाई आणि समाधानाचे माप

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. विकणारा ताका मोजून देतो आणि घेणारा तो आपल्या गजाने पुन्हा मोजून घेतो. यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. सौदा सख्ख्या भावाशी असला तरी मोजणी होतेच. माप पुरे द्यावे आणि पुरे घ्यावे, हे आपण घरातच शिकलो. पण हा रिवाज आपण दुकानाच्या उंबरठ्यावर सोडून देतो. नगरपालिका आपल्या पैशाने, आपल्या नावाने ठेकेदाराकडून जी सेवा विकत घेते, ती मोजून कोण घेतो?

हा प्रश्न मला शहाणपणामुळे सुचला नाही, चुकीमुळे सुचला. ती चूक येथे मांडतो. आपल्यापैकी अनेकांनी ती केली असेल किंवा उद्या त्यांच्यावर तशी वेळ येईल.

माझी सही

आमच्या शहरात कचरा उचलण्याचे व झाडलोटीचे काम ठेक्याने दिलेले आहे. ठेक्याची मुदत संपत आली तेव्हा बाजारातील व्यापारी मंडळाचा पदाधिकारी म्हणून माझ्याकडे एक कागद आला. मजकूर दोन ओळींचा होता. या ठेकेदाराची सेवा समाधानकारक आहे, असे त्यात लिहिले होते. कागद आणणारा माणूस ओळखीचा होता. चहा झाला. माझ्या दुकानासमोरचा रस्ता रोज सकाळी नऊच्या आत झाडला जातो, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. मी सही केली. माझे नाव पाहून खाली आणखी दुकानदारांनी सह्या केल्या. पुढे ठेक्याला मुदतवाढ मिळाली.

काही दिवसांनी आमच्या गोदामात टॉवेलचे धागे कापण्याचे काम नेणाऱ्या एक खाला माल घेऊन आल्या. माल उतरवता उतरवता म्हणाल्या, "सेठ, सफाई चांगली आहे असे तुम्ही लिहून दिले म्हणे. आमच्या गल्लीत गाडी येऊन बारा दिवस झाले. तुम्ही बघायला आला होता का?"

मी म्हणालो, "खाला, बाजारात तर रोज येते."

त्या म्हणाल्या, "बाजारात रोज येते, म्हणूनच आमच्याकडे येत नाही ना."

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या पावसाळ्यात त्यांचा नातू डेंग्यूने सहा दिवस दवाखान्यात होता. त्याला ठेकेदारामुळेच डेंग्यू झाला, असे मी म्हणणार नाही. पण न उचललेल्या कचऱ्यातल्या करवंट्या, प्लास्टिकचे पेले, फुटके डबे यांत पावसाचे पाणी साचते आणि त्याच पाण्यात तो डास वाढतो, हे आता शाळेतील मूलही सांगते. सहा दिवस खालांचे काम बंद, मुलाच्या मागावर खाडा, वर औषधांचा खर्च. आणि समाधानाच्या कागदावर पहिली सही माझी.

वापरणारा एक, बिल मंजूर करणारा दुसरा

माझ्या दुकानात एखाद्याला लुंगीचा पोत पसंत पडला नाही तर तो भांडत बसत नाही, समोरच्या दुकानात जातो. महिनाअखेरीस गल्ला मला सर्व काही सांगतो. गिऱ्हाईक खूष आहे की नाही, हे कळण्यासाठी मला वेगळा कागद फिरवावा लागत नाही.

ठेक्याच्या सेवेत हा गल्लाच नसतो. खालांच्या गल्लीला दुसरी घंटागाडी निवडता येत नाही. पैसा घरपट्टीच्या रूपाने जनतेकडून जातो, पण बिल मंजूर होते कचेरीत. म्हणजे ठेकेदाराच्या दृष्टीने गिऱ्हाईक कोण? बिलावर सही करणारा. मग तो त्यालाच सांभाळणार. यात ठेकेदार वाईट माणूस आहे असे धरून चालण्याची गरज नाही. सौद्याची बांधणीच तशी आहे. त्या जागी मी असतो तर मीही आधी मोठा रस्ता झाडला असता, कारण साहेबांची गाडी तेथून जाते.

पुण्यात थोडी वेगळी रीत आहे. तेथे २००८ मध्ये महापालिकेने 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या कामगारांना घरे दरमहा थेट शुल्क देतात. अडचणी तेथेही आहेत, पण घेणारा आणि देणारा रोज दारात समोरासमोर येतात आणि नाराजी तेथल्या तेथे कळते. जेथे असे समोरासमोर येणे नाही, तेथे लोकांचे समाधान मोजणे हाच सेवा वापरणाऱ्याचा आवाज. म्हणून ते माप खोटे निघाले तर त्याचा आवाजच बंद होतो.

ज्याचे माप, त्याचीच काळजी

सौद्यात जे मोजले जाते तेच मिळते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. मजुरी मीटरवर दिली तर मीटर वाढतात, चांगल्या मालावर दिली तर डाग कमी होतात.

कचऱ्याची बिले पुष्कळ ठिकाणी वजनकाट्यावर, टनाच्या हिशेबाने निघतात. मग वजन मिळते. अरुंद गल्लीतला थोडासा कचरा आणायला डिझेल जास्त आणि वजन कमी, म्हणून ती गल्ली मागे पडते. कचऱ्यात माती किंवा राडारोडा मिसळला तर काटा खूष होतो, गल्ली तशीच राहते.

दुसरे उदाहरण विजेचे घेतो. हे काम नगरपालिकेचे नव्हे, पण यंत्रमागवाल्यांना ते जवळचे आहे. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपवले. कंपनीने आत आलेल्या युनिटमागे ठरलेला दर महावितरणला द्यायचा, असा तो सौदा. साहजिकच गळती किती आणि वसुली किती, याचे माप सौद्याच्या मुळाशी होते, आणि गळती खरोखरच पुष्कळ खाली आली. कोणाला कंपनी आवडो न आवडो, धडा एकच आहे. ज्याचे माप करारात लिहिलेले असते ते सुधारते. मग लोकांच्या समाधानाचे माप करारात का लिहिले जाऊ नये?

"समाधानी आहात का?" एवढे विचारून भागत नाही

येथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. समाधान म्हणजे मिळाले किती, एवढेच नव्हे. अपेक्षा किती होती आणि मिळाले किती, यांतला तो फरक आहे. आमच्या मागच्या वस्तीत एक वयस्क कारागीर चाचा आहेत. मी त्यांना विचारले, सफाईबाबत समाधानी आहात का? म्हणाले, "अल्लाहचे आभार, पूर्वी पंधरा दिवसांनी गाडी यायची, आता आठवड्याला येते." नव्या वसाहतीत एक डॉक्टर राहतात. तेथे गाडी रोज येते, एक दिवस चुकली होती. ते रागाने लाल. आता दोघांची उत्तरे कागदावर मांडा. आठवड्यातून एकदा गाडी येणारी वस्ती समाधानी, सहा दिवस येणारी असमाधानी! असा कागद घेऊन एखादा अधिकारी ठरवील की चाचांच्या वस्तीत सर्व ठीक आहे आणि जादा गाडी डॉक्टरांच्या वसाहतीला द्यावी. गरीब माणसाचा सबुरीचा स्वभाव त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

तक्रारींची संख्या मोजूनही हेच होते. जेथे तक्रार नाही तेथे कदाचित सेवा उत्तम असेल, कदाचित लोकांनी आशाच सोडली असेल. रजिस्टरात दोन्हीकडे शून्यच दिसते.

तिसरी गोष्ट भीतीची. विचारणारा नगरपालिकेचा बिल्ला लावून आला, तर ज्याची नळजोडणी कच्ची आहे किंवा ओटा थोडा पुढे आला आहे, तो "सर्व छान" म्हणूनच उत्तर देणार.

चौथी गोष्ट भाषेची. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी मी बिलांतून, नोटिसांतून आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून शिकलो, म्हणून आज चार ओळी लिहू शकतो. खालांना फक्त उर्दू वाचता येते. मोबाईलवरचे प्रश्न इंग्रजीत आले तर त्या फोन नातवाच्या हातात देतात आणि तो मनाला येईल ते बटण दाबतो. हा त्यांचा अभिप्राय नव्हे.

बंगळूरने काय केले

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. बंगळूरमध्ये १९९३ साली डॉ. सॅम्युएल पॉल यांनी काही नागरिकांना बरोबर घेऊन पाहणी केली. पॉल हे पूर्वी अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेचे संचालक होते. पाणी, वीज, दूरध्वनी, नगरपालिका, दवाखाने अशा एकेका खात्याबद्दल घरोघर, झोपडपट्टीतही विचारणा झाली. काम झाले का, किती खेपा घातल्या, कर्मचारी कसे बोलले, लाच द्यावी लागली का, असे रोजच्या अनुभवाचे प्रश्न होते. शाळेत मुलाला मिळते तसे प्रत्येक खात्याचे प्रगतिपुस्तक तयार झाले आणि १९९४ मध्ये ते वृत्तपत्रांतून लोकांसमोर आले. सेवांबद्दल समाधानी असणारे तेव्हा शंभरात जेमतेम ९ निघाले. त्याच वर्षी पब्लिक अफेअर्स सेंटर ही संस्था उभी राहिली. तशीच पाहणी पुन्हा १९९९ मध्ये आणि २००३ मध्ये झाली. २००३ पर्यंत समाधानी लोकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोचले होते.

ही खाती सरकारी होती, ठेकेदार नव्हते. सुधारणा केवळ त्या पुस्तकामुळे झाली असेही नाही. सरकार बदलले, काही अधिकाऱ्यांनी मनावर घेतले. पण तीन गोष्टी आपण उचलू शकतो. मोजणी करणारा सेवा देणाऱ्याचा नोकर नव्हता. निकाल नावानिशी जाहीर झाला. आणि मोजणी एकदा करून थांबली नाही.

केंद्र सरकारनेही २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू केले. २०१७ च्या सर्वेक्षणात ४३४ शहरे होती. २००० गुणांपैकी ९०० नगरपालिकेने स्वतः दिलेल्या माहितीवर, ५०० प्रत्यक्ष पाहणीवर आणि ६०० नागरिकांच्या अभिप्रायावर होते. नागरिकाला गुण देण्याचा हक्क मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यातून नंबर निघतो तो शहराचा. सर्वेक्षणाच्या दिवसांत अभिप्राय द्या म्हणून चौकाचौकात फलक लागतात, आपल्या शहराचा नंबर वर यावा म्हणून माणूस चांगलेच उत्तर देतो. खालांच्या गल्लीचे काय झाले, हे त्या नंबरातून कळत नाही. शंभर मीटरच्या ताक्याला सरासरी चांगली आहे म्हणून कोणी घेत नाही. मधे भोक कोठे आहे ते पाहूनच घेतो.

आम्ही केलेला छोटा प्रयोग

गेल्या पावसाळ्यात आम्ही काही जणांनी सात गल्ल्यांत सात वह्या ठेवल्या. कोठे चहावाला, कोठे शिलाई करणाऱ्या बहिणी, कोठे किराणावाला. रोज तीनच गोष्टी लिहायच्या. गाडी आली की नाही, किती वाजता आली, गटार काढले की नाही. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. ३० दिवसांनी वह्या जमा केल्या. बाजाराच्या रस्त्यावर गाडी ३० दिवस आली होती. खालांच्या गल्लीत ९ दिवस.

वह्या घेऊन आम्ही नगरपालिकेत गेलो. हे अधिकृत नाही, असे उत्तर मिळाले. मग ठेकेदाराच्या माणसाला बोलावले. तो आधी चिडला, पण वह्या पाहून शांत झाला. म्हणाला, त्या गल्लीत गाडी वळतच नाही, चालक तोंडावर थांबून भोंगा वाजवून निघून जातो. हे खरे होते. म्हणजे वहीमुळे त्याचीही बाजू कळली. आता त्या गल्लीत हातगाडी जाते. रोज नाही, पण पूर्वीपेक्षा बरीच जास्त. गटाराचा प्रश्न अजून तसाच आहे.

माझ्या सहीबद्दल मी नगरपालिकेला पत्र दिले की, मी केवळ बाजाराचा रस्ता पाहून सही केली होती, ती शहराच्या वतीने धरू नये. त्याचे उत्तर आलेले नाही.

आपण काय मागावे

व्यापारी व कारागीर बंधूंनो, नुसती ओरड करून काही होत नाही. मागणी नेमकी हवी.

१. आपल्या वॉर्डाच्या ठेक्याच्या करारनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. गाडी किती वेळा यायची, चुकल्यास दंड किती, हे त्यात पाहावे. गज हातात नसेल तर मोजणार कशाने?

२. पाहणीत आधी घडलेली गोष्ट विचारावी, नंतर मत. "गेल्या सात दिवसांत गाडी किती दिवस आली?" हा पहिला प्रश्न, "तुम्ही समाधानी आहात का?" हा शेवटचा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. मग चाचांची सबुरी कोणाला फसवू शकणार नाही.

३. जो पुढे येईल त्याला विचारू नये. ठरवून दर दहावे घर घ्यावे, म्हणजे गल्लीचे तोंड आणि शेवट दोन्ही येतात. घरातील स्त्रियांना विचारावे, कारण कचरा आणि पाणी त्यांच्याच हातून जाते. प्रश्न मराठीत आणि वस्तीच्या भाषेत असावेत, आणि वाचून दाखवावेत.

४. विचारणारे ठेकेदाराच्या पगारावर नसावेत आणि नगरपालिकेचे कर्मचारीही नसावेत. कॉलेजचे विद्यार्थी हे काम चांगले करू शकतात.

५. पाहणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. निकाल वॉर्डवार, ठेकेदाराच्या नावानिशी नगरपालिकेच्या फलकावर लावावा.

६. बिलाचा काही भाग या निकालाशी बांधावा. सर्व बिल नव्हे, कारण मग ठेकेदार पाहणी करणाऱ्यालाच गाठील. पण इतका की चुकलेल्या गल्लीची आठवण राहील. आपणही खराब माल निघाला तर बिलातून वटाव कापतोच.

७. सफाई कामगारांनाही विचारावे. ठरलेला पगार वेळेवर मिळतो का, हातमोजे मिळतात का, फंड भरला जातो का? ठेकेदाराला झालेला दंड झाडूवाल्याच्या पगारातून कापला जाऊ नये, ही अट करारातच असावी. आपल्या समाधानाची किंमत दुसऱ्या गरिबाने भरणे, हा इन्साफ नव्हे.

कोणी म्हणेल, हे पाहायला नगरसेवक आहेत. आहेत, आणि त्यांनी हे पाहिलेच पाहिजे. पण २०२२ नंतर राज्यातील अनेक महापालिका काही वर्षे नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाती होत्या, हे आपण पाहिले. तेव्हा विचारायला जायचे कोणाकडे, हेच लोकांना कळत नव्हते. लोकांची मोजणी चालू असेल तर खुर्चीवर कोणीही असो, वही बोलत राहते.

राहिली आपली गोष्ट. बाजारातील व्यापारी हा शहरातला मोठा मान असलेला माणूस असतो. म्हणून असे कागद आधी आपल्याकडेच येतात. आपल्या सहीला किंमत आहे म्हणूनच ती मागितली जाते, आणि ती आपण चहाच्या एका कपावर देऊन टाकतो. ज्या गल्लीत आपण राहत नाही तिच्या वतीने सही करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. सही ही अमानत आहे.

ठेक्याची मुदत पुन्हा संपेल तेव्हा तो कागद परत माझ्याकडे येईल. मी ठरवले आहे की त्या दिवशी आधी वह्या मागवायच्या आणि खालांच्या गल्लीत जाऊन यायचे. वहीत ३० पैकी ३० आले तर सही आनंदाने करीन. ९ आले तर त्याच कागदावर ९ लिहून परत पाठवीन.